शुद्धीवर आहोत, पण जागे आहोत का?



माझी भाची कॉलेजात फ्रेंच शिकते. मागे एका रविवारी मिस्सा आटोपून ती आमच्याकडे जेवायला आली, ती गाल फुगवूनच. चाचणी परीक्षेत भाषांतरासाठी एक वाक्य आले होते. रस्त्याने चाललेल्या एका माणसाला ऊन लागते आणि तो आपली 'कोंसियाँस' हरवून बसतो. पोरीला इंग्रजी 'कॉन्शन्स' ठाऊक होता. तिने बिनधास्त लिहिले, "भर उन्हात त्या माणसाने आपली सदसद्विवेकबुद्धी गमावली." खरे उत्तर होते, "तो बेशुद्ध पडला." गुण गेले ते गेलेच, वर वर्गात हसे झाले.

"मामा, शब्द तर तोच आहे ना?" ती म्हणाली. "मग एकीकडे बुद्धी आणि एकीकडे शुद्ध, असं कसं?"

मी तिला वेळ मारून नेणारे उत्तर दिले. पण प्रश्न माझ्या मनातून जाईना. त्याला एक कारण होते. ते पुढे सांगतो.

शब्दाचे माहेर

हा शब्द मूळचा लॅटिन. 'कॉन्' म्हणजे सह, सोबत. 'शिएन्शिया' म्हणजे ज्ञान, जाणणे. आपण सायन्स म्हणतो तो याच घरातला. दोन्ही मिळून 'कॉन्शिएन्शिया', म्हणजे सोबतीने जाणणे. एखादी गोष्ट आपल्याबरोबर आणखी कोणाला तरी ठाऊक असणे.

प्राचीन रोमी लोक 'कॉन्शियुस' असे ज्याला म्हणत, तो हा जाणकार सोबती. तो साक्षीदार असू शकतो, विश्वासातला मित्र असू शकतो आणि कटातला साथीदारही असू शकतो. चोरी करणारा एक आणि चोरी ठाऊक असून गप्प बसणारा दुसरा. तो दुसरा म्हणजे 'कॉन्शियुस'. पुढे याच शब्दाला आणखी खोल अर्थ आला. जगात कोणालाही ठाऊक नसलेली गोष्टसुद्धा एकाला ठाऊक असतेच. तो म्हणजे मी स्वतः. माझ्या गुन्ह्याचा पहिला साक्षीदार माझ्याच आत बसलेला असतो. हा एक साक्षीदार हजारांच्या बरोबरीचा असतो, अशी रोमी लोकांत म्हण होती. पहिल्या शतकातला वक्तृत्वाचा शिक्षक क्विंटिलियन याने ती नोंदवून ठेवली आहे.

आपल्याकडे "जनाची नाही तर मनाची तरी लाज धर" असे म्हणतात. त्यात हेच दोन साक्षीदार आहेत, एक बाहेरचा आणि एक आतला.

जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत यासाठी वेगळा असा शब्द नव्हता. तिथे 'हृदय' हा शब्द हे काम करतो. दावीदाने गुहेत शौल राजाच्या झग्याचा काठ गुपचूप कापला आणि मागाहून त्याचे हृदय त्याला टोचू लागले, हा प्रसंग आपण शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात वाचतो. संत पौल मात्र ग्रीक भाषेत लिहीत होता. त्याच्या हाताशी 'सिनेइदेसिस' हा शब्द होता, आणि त्याचीही घडण 'सह' आणि 'जाणणे' अशीच आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो की, ज्यांना मोशेचे नियमशास्त्र मिळाले नाही त्या परराष्ट्रीयांच्या अंतःकरणावरही नियम लिहिलेला आहे आणि त्यांचे हे अंतर्ज्ञान त्याची साक्ष देते. पुन्हा साक्षीदारच! बायबल लॅटिनमध्ये आले तेव्हा 'सिनेइदेसिस'च्या जागी 'कॉन्शिएन्शिया' बसला आणि तिथून तो सगळ्या पश्चिम युरोपात पसरला.

एक लेक, अनेक सासरी

लेक सासरी गेली की तिथले वळण तिच्या अंगी येते. शब्दांचेही तसेच होते.

फ्रेंचमध्ये हा शब्द 'कोंसियाँस' झाला, इटालियनमध्ये 'कोशेन्त्सा', पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्ये 'कोन्सिएन्सिया'. या घरांत त्याने दोन्ही कामे अंगावर घेतली. डॉक्टर रुग्णाजवळ उभा राहून हाच शब्द वापरतो, तेव्हा त्याचा अर्थ शुद्ध. धर्मगुरू प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी वापरतो, तेव्हा सदसद्विवेकबुद्धी. कोणता अर्थ घ्यायचा ते प्रसंगावरून समजायचे. माझ्या भाचीला प्रसंग समजला नाही, एवढाच तिचा गुन्हा!

इंग्रजीतही पूर्वी एकाच 'कॉन्शन्स'वर दोन्ही अर्थांचे ओझे असे. सतराव्या शतकात तिथे वाटणी झाली. बऱ्यावाईटाच्या जाणिवेसाठी 'कॉन्शन्स' राहिला आणि नुसत्या भानासाठी, जागेपणासाठी 'कॉन्शसनेस' हा नवा शब्द रुळला. जॉन लॉक या तत्त्ववेत्त्याने मानवी आकलनावरच्या आपल्या ग्रंथात तो भरपूर वापरला. या ग्रंथावर १६९० हे वर्ष छापलेले आहे. पियेर कॉस्त यांनी त्याचे फ्रेंच भाषांतर केले आणि ते १७०० साली प्रसिद्ध झाले. ते करताना कॉस्त यांची पंचाईत झाली, कारण फ्रेंचमध्ये दुसरा शब्दच नव्हता. शेवटी त्यांनी जुन्याच शब्दाच्या मधोमध एक आडवी रेघ मारली, 'कों-सियाँस' असे लिहिले आणि वेळ निभावली. तीनशे वर्षांपूर्वीचा हा विद्वान भाषांतरकार आणि आमची भाची, दोघे एकाच दगडाला ठेचकाळले.

जर्मन लोकांनी तर लॅटिन शब्द घरातच घेतला नाही. तो उलगडून त्यांनी आपल्या मातीचा शब्द घडवला, 'गेविस्सेन'. त्यात 'जाणणे' हा धातू आहे. स्वीडिश भाषेतला 'सामवेते' म्हणजे तर अक्षरशः सह-ज्ञान. आणि भान या अर्थाने जर्मनमध्ये 'बेवुस्टझाइन' हा निराळा शब्द अठराव्या शतकात रुळला. म्हणजे तिथेही घरात दोन चुली.

याच कुळातली आणखी एक गंमत. चूक केल्यावर जी टोचणी लागते तिला इंग्रजीत 'रिमोर्स' म्हणतात, फ्रेंचमध्ये 'रमोर', इटालियनमध्ये 'रिमोर्सो'. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ आहे 'पुन्हा चावणे'. जर्मन माणूस तर सरळ 'गेविस्सेनचे चावे' असेच म्हणतो. आपली आजी काय म्हणायची? "माझं मन मला खातंय." हजारो मैलांवरच्या माणसांना एकमेकांना न विचारता हेच सुचले, याचा अर्थ अनुभव एकच आहे. दात सगळीकडे सारखेच लागतात.

कोणाचे बरोबर?

मग यांतले शहाणे कोण? दोन अर्थांना दोन शब्द देणारे, की एकाच शब्दात दोन्ही राखणारे?

दोन शब्दांचा एक फायदा नक्की आहे. माणूस जागा आहे म्हणजे तो चांगला आहे असे नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते. सावकार चक्रवाढ व्याजाचा हिशेब करतो तेव्हा तो अगदी भानावर असतो. भेसळ करणारा तर इतरांहून जास्त भानावर असतो. शुद्ध आहे, विवेकबुद्धी झोपलेली आहे. हा फरक सांगायला दोन शब्द लागतात.

पण एका शब्दातही शहाणपण आहे. एखाद्याचे दुःख मला खरोखर 'जाणवले' तर ती जाणीव मला स्वस्थ बसू देणार नाही, असे तो शब्द सुचवतो. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलू फ्रेरी निरक्षर शेतमजुरांना अक्षरे शिकवत. अक्षराबरोबरच आपल्यावर होणारा अन्यायही त्यांना वाचता यावा, अशी त्यांची धडपड होती. त्या जागृतीला पोर्तुगीज भाषेत नाव मिळाले ते याच शब्दावरून बनलेले, 'कोन्सिएन्तिझासांव'. पुढे १९६८ साली कोलंबियातील मेडेयिन येथे लॅटिन अमेरिकेतील बिशपांची परिषद भरली, तिच्या दस्तऐवजांतही याच कुळातला शब्द आला. त्या भाषेत 'जाणीव होणे' आणि 'विवेक जागा होणे' यांच्यामध्ये भिंत नाही.

आपल्या मराठीचे काय? आपण बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येतो. पण शुद्ध म्हणजे निर्मळ, पवित्र असेही आपण म्हणतो. अंतःकरण शुद्ध असावे अशी प्रार्थना करतो. भान आणि निर्मळपणा हे दोन्ही अर्थ आपल्या एका शब्दात शेजारी शेजारी नांदतात. आपण कधी थांबून पाहत नाही, एवढेच.

माझी सही

आता ते कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या आळीत एका शेजाऱ्याने कुंपणाची भिंत बांधायला काढली. भिंतीच्या कडेने जुनी वाट होती. पलीकडे एक आजी एकटीच राहत असे. चर्चला, बाजाराला तिचे येणेजाणे त्याच वाटेने. भिंत हळूच दीड-दोन हात वाटेत सरकली. पुढे कोणी बोलू नये म्हणून एक कागद तयार झाला. वाट पूर्वीपासून एवढीच रुंद आहे, असा त्यातला मजकूर. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या हव्या होत्या. त्यांतली एक माझी आहे.

वाट किती रुंद होती हे मला पक्के ठाऊक होते. लहानपणी तिच्यावरून बैलगाडी जाताना मी पाहिली आहे. पण तो शेजारी अडीअडचणीला धावून येणारा. माझ्या वडिलांना रात्री दवाखान्यात नेले ते त्याच्याच गाडीतून. त्याच्या तोंडावर नाही कसे म्हणणार? कागदावर ठरावीक वाक्य होते, "हे आम्ही राजीखुशीने, अक्कलहुशारीने व पूर्ण शुद्धीत लिहून देत आहोत." त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मी पूर्ण शुद्धीत होतो!

लॅटिन 'कॉन्शियुस' म्हणजे साक्षीदार आणि कटातला साथीदारही, हे जेव्हा मी वाचले तेव्हा मला माझी ती सही दिसली. एकाच माणसाने एकाच लेखणीने दोन्ही कामे केली होती.

"माझी सदसद्विवेकबुद्धी"

हल्ली आपण वारंवार ऐकतो, "मी माझ्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून वागतो, इतरांनी मला शिकवू नये." हे स्वातंत्र्य मोलाचे आहे. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्मस्वातंत्र्याच्याही आधी सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा उल्लेख येतो. पण पुष्कळदा या शब्दामागे आपली आवड, आपला हट्ट किंवा आपली सोय लपलेली असते. मी सही केली तेव्हाही मनाला समजावलेच होते की, उपकाराची जाण ठेवणे हीच माझी सदसद्विवेकबुद्धी!

२०१९ साली संतपद मिळालेले कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन यांनी १८७५ मध्ये एका जाहीर पत्रात यावर बोट ठेवले होते. लोक सदसद्विवेकबुद्धीचे हक्क मागतात, पण पुष्कळदा त्यांना हवी असते ती केवळ मनमानी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. तिला हक्क आहेत, कारण तिला कर्तव्ये आहेत.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या शब्दाची फोड 'दुसऱ्या कशाच्या तरी सोबतीने असलेले ज्ञान' अशीच केली होती. आपल्याजवळचे ज्ञान समोरच्या कृतीला लावून पाहणे, ही त्यांच्या मते सदसद्विवेकबुद्धी. ती साक्ष देते, ती आपल्याला बांधून घेते आणि चुकल्यास दोष देते. ती चुकू शकते का? होय, चुकू शकते. तरीही तिच्याविरुद्ध वागू नये, असे ते सांगतात, कारण जे आपल्याला वाईट वाटते ते मुद्दाम करणे हे पापच. मात्र ते लगेच दुसरी बाजूही मांडतात. जे जाणून घेणे माझे कर्तव्य होते ते मी आळसाने किंवा मुद्दाम जाणून घेतले नाही, तर "मला तसे वाटले" या सबबीने मी सुटत नाही.

स्वतः संत पौल करिंथकरांना पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात सांगतो की, माझे मन मला कशाबद्दल दोष देत नाही, पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे. इतक्या मोठ्या प्रेषिताला आपल्या आतल्या साक्षीदाराची साक्ष पुरेशी वाटली नाही. मग मी कोण लागून गेलो?

एकटा शेतकरी

इथे एक अडचण येते. सदसद्विवेकबुद्धी म्हणजे सोबतीने जाणणे, तर मग जो सगळ्यांच्या विरोधात एकटा उभा राहतो त्याचे काय?

ऑस्ट्रियात सांक्ट राडेगुंड नावाचे खेडे आहे. तिथे फ्रान्झ येगरश्टेटर हा शेतकरी राहत होता. तो आपल्या चर्चचा सेवकही होता. घरी पत्नी फ्रान्झिस्का आणि तीन लहान मुली. हिटलरचे युद्ध अन्यायाचे आहे, त्यात मी लढणार नाही, असे त्याचे मत पक्के झाले. गावकऱ्यांनी समजावले, धर्मगुरूंनी समजावले. तो बिशपांनाही भेटला. त्यांनीही बायकामुलांची आठवण करून दिली. मार्च १९४३ मध्ये त्याने सैन्यात लढायला नकार दिला आणि ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता.

हा हट्ट होता का? पाहा बरे. हट्टी माणसाला स्वतःचा फायदा हवा असतो. याला आपले सर्वस्व गमवायचे होते. हट्टी माणूस कोणाला विचारत नाही. याने सगळ्यांना विचारले. बायबल वाचले, संतांची चरित्रे वाचली, प्रार्थना केली. पत्नीने आधी त्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, पण शेवटी ती त्याच्या पाठीशी उभी राहिली. बर्लिनच्या तुरुंगात त्याला कळले की, फादर फ्रान्झ राइनिश नावाच्या एका धर्मगुरूंनी हिटलरशी निष्ठेची शपथ नाकारली होती आणि त्यांनाही १९४२ साली मृत्युदंड मिळाला होता. ते ऐकून त्याला फार मोठा दिलासा मिळाला. जे आपण जाणले ते आणखी एकाने जाणले होते!

तेव्हा सोबतीने जाणणे म्हणजे बहुमताने जाणणे नव्हे. सोबत असते ती देवाची, त्याच्या वचनाची, आपल्याआधी या वाटेने गेलेल्यांची. आणि आपल्या कृतीने ज्याचे रक्त सांडणार आहे, त्या परक्या माणसाचीही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजात हेच सांगितले. आपल्या सदसद्विवेकबुद्धीच्या गाभाऱ्यात माणूस देवाबरोबर एकटा असतो, आणि तिच्याशी प्रामाणिक राहूनच तो सत्याच्या शोधात इतर सर्व माणसांशी जोडला जातो.

पुढे १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीची राज्यघटना झाली. सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध कोणालाही हाती शस्त्र घेऊन युद्धसेवा करायला भाग पाडता येणार नाही, असे त्यात लिहिले गेले. ऑक्टोबर २००७ मध्ये लिंझ येथे फ्रान्झला धन्य घोषित केले, तेव्हा त्याची चौऱ्याण्णव वर्षांची पत्नी समोर बसलेली होती.

आजीचे उत्तर

बंधुभगिनींनो, येगरश्टेटरपुढे जीवनमरणाचा प्रश्न होता. माझ्यापुढे फक्त दोन हात जमीन आणि एका शेजाऱ्याची नाराजी होती. तेवढ्यालाही मी घाबरलो.

भाचीच्या प्रश्नानंतर काही दिवसांनी मी आजीकडे गेलो. ती आता फारशी बाहेर पडत नाही. मी सगळे सांगितले. वाटले, ती रागावेल किंवा रडेल. ती शांतपणे म्हणाली, "अरे, तुला ठाऊक आहे हे मला तेव्हापासूनच ठाऊक होतं. रोज भिंतीला अंग घासत जाताना मी म्हणायचे, हा कधीतरी येईल."

इतकी वर्षे मी समजत होतो की, ही गोष्ट फक्त माझ्या मनाला ठाऊक आहे. ती आम्हा दोघांना ठाऊक होती. तिच्या आणि माझ्यामध्ये देवालाही ठाऊक होती. याहून वेगळा 'कॉन्शिएन्शिया' कोणता?

मी शेजाऱ्याला भेटून सांगितले की, ती सही मला मान्य नाही, आणि तसे लिहूनही दिले. तो माझ्याशी बोलेनासा झाला आहे. भिंत अजून तिथेच आहे. गोष्टीचा शेवट गोड झाला असे मी सांगू शकत नाही. मन खायचे मात्र थांबले आहे, आणि भिंत हलेपर्यंत काम संपलेले नाही, हे मला समजते.

आज रात्री झोपण्यापूर्वी आपण आत्मपरीक्षण कराल, तेव्हा "मी काय चुकलो?" एवढेच विचारू नका. "मला ठाऊक असलेले आणखी कोणाला ठाऊक आहे आणि तो माझी वाट पाहत आहे का?" हेही विचारा. नाव आठवले, तर उद्या सकाळी त्याच्या दारी जा.